नवा लोगो मतदानाला टाकण्याआधी

ओपन सोर्स प्रकल्पात (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो) लोगोचं मतदान चार-आठ दिवसांत उरकतं. पुढे महिनोन्महिने निस्तरावं लागतं ते आधी न विचारलेल्या प्रश्नांचं. त्यामुळे चित्रं मागवण्यापूर्वी हक्कांचा कागद तयार ठेवा. लोगो काढणारा मनापासून 'घ्या, वापरा' म्हणतो, पण तेवढं पुरत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरते धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. जगभर उतरवून घेतल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला हे परवडणारं नाही, म्हणून दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. फोर्क करणाऱ्यांना, म्हणजे कोड घेऊन आपला वेगळा प्रकल्प काढणाऱ्यांना, लोगो वापरता येईल का, हेही आत्ताच ठरवा. डेबियन या लिनक्स प्रकल्पाने यासाठी दोन लोगो ठेवले: नुसता भोवरा सगळ्यांना खुला, बाटलीसकटचा राखीव.

ट्रेडमार्कचा शोध ऑनलाइन आणि फुकट होतो. ट्रेडमार्क रजिस्ट्रीचं मुख्य कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला असलं तरी त्यासाठी तिथे जायची गरज नाही. वर्ग ९ (सॉफ्टवेअर) आणि ४२ (सॉफ्टवेअर सेवा) पाहा. नावासोबत व्हिएन्ना कोडने (चित्रातल्या आकारांना दिलेले क्रमांक) चित्रही शोधा, कारण नाव वेगळं आणि चिन्ह सारखं, अशी गाठ नेहमी पडते.

प्रत्येकाकडून एसव्हीजी (कितीही मोठी केली तरी न फाटणारी फाइल), एकरंगी आवृत्ती, गडद पार्श्वभूमीवरची आवृत्ती आणि १६ पिक्सेलचं चिन्ह मागा. शेवटच्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. ब्राउझरच्या टॅबवर दीड पिक्सेल जाडीची रेघ कडेने धुरकट होते. देवनागरी नाव असेल तर शिरोरेषा वेलांटीत मिसळते, 'क्ष'ची पोकळी बुजते. मोठं चित्र आकसून भागत नाही. टॅबसाठी एकच अक्षर किंवा नुसतं चिन्ह पिक्सेलच्या जाळीवर नव्याने बसवावं लागतं.

अक्षरांसाठी मुंबईच्याच 'एक टाइप' या संस्थेचे मुक्ता किंवा बालू हे फॉन्ट घेता येतील; दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्स या मोकळ्या परवान्याखाली आहेत. अंतिम फाइलमध्ये इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरच्या 'ऑब्जेक्ट टू पाथ'ने अक्षरांचे आकार करून टाका, नाहीतर फॉन्ट नसलेल्या मशीनवर भलतंच वळण दिसेल. मजकूर बदलता येईल अशी प्रत मात्र जपून ठेवा.

मग प्रिंट काढून नाक्यावरच्या दुकानात झेरॉक्सची झेरॉक्स काढा. फिके ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणाऱ्या छटा) तिथेच उडतात. स्क्रीनवरचा झळझळीत हिरवा छपाईच्या चार शाईंत मळकट उतरतो, तेव्हा स्टिकरची ऑर्डर देण्याआधी एक नमुना छापून घ्या.

मतदानाला चार-पाचच पर्याय ठेवा: सारख्या आकारात, काढणाऱ्याचं नाव झाकून. 'आहे तोच लोगो' हाही एक पर्याय हवाच. जुन्यावर जीव असलेल्यांना डावलू नये. एकाच रचनेच्या तीन रंगछटा वेगवेगळ्या टाकल्या तर तिची मतं फुटतात आणि कमी पसंतीची रचना जिंकते. म्हणून आधी रचना ठरू द्या, रंग नंतर. मत पसंतीक्रमाने घ्या.

बदलाच्या दिवशी नव्या फेव्हिकॉनच्या (टॅबवरच्या चिन्हाच्या) फाइलला नवं नाव द्या. जुनंच ठेवलं तर कॅशेमुळे (ब्राउझरने साठवलेल्या प्रतीमुळे) कित्येकांना जुनं चिन्ह दिसत राहतं. जुनी फाइलही लगेच पुसू नका. इतरांच्या पानांवरचे दुवे तिच्याकडेच येत असतात.