बालगृहाची तपासणी झाली? त्रुटींची पूर्तता करताना या चुका टाळा

बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 54 नुसार तपासणी समितीने प्रत्येक बालगृहाला तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यायची असते. पथकात किमान तीन सदस्य, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. अहवाल आठवड्याच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि महिनाभरात त्यावर कारवाई व्हावी लागते. बऱ्याच संस्थांचा हा महिना त्रुटींना उत्तरं लिहिण्यातच जातो. मुलांच्या रोजच्या जगण्यात फरक पडत नाही, आणि पुढच्या भेटीत तेच मुद्दे पुन्हा निघतात.

‘यापुढे दक्षता घेण्यात येईल’ असं लिहिणं

या वाक्याने एकही त्रुटी दूर होत नाही. प्रत्येक मुद्द्यासमोर चार रकाने आखा: काय करायचं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि झालं की नाही हे कोण बघणार. शेवटच्या रकान्यातली व्यक्ती काम करणाऱ्यापेक्षा वेगळी हवी. जबाबदारी ‘सर्व कर्मचारी’ अशी लिहिली की ती कोणाच्याच अंगावर येत नाही.

दिसलं तेवढंच दुरुस्त करणं

समजा, अहवालात ‘पाच मुलांना खरूज’ असा शेरा आहे. संस्था पाच ट्यूब आणते, त्या पाच जणांना मलम लावते, पावती जोडते. तीन आठवड्यांनी बारा मुलं खाजवत असतात. कारण खरजेचा किडा त्वचेच्या संपर्कातून पसरतो, आणि लागण झाल्यावर पहिल्यांदा खाज सुटायला कित्येक आठवडे लागू शकतात. म्हणजे वरवर चांगली दिसणारी मुलंही ती पसरवत असतात. त्यामुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने संपर्कातली सगळी मुलं आणि काळजीवाहक यांचा उपचार एकाच रात्री व्हायला हवा. सहसा 5 टक्के परमेथ्रिन मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीही लावून 8 ते 14 तास ठेवतात आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चादरी, टॉवेल, कपडे गरम पाण्यात धुवायचे. धुता येत नाही ते निदान तीन दिवस पिशवीत बंद. उपचारानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते, म्हणून औषध फसलं असं समजून मनाने पुन्हा पुन्हा मलम चोपडू नका. आणि प्रत्येक मुलाला स्वतःचा टॉवेल नसेल तर आधी ते बघा.

शौचालयांचंही तेच. याच कायद्याखालच्या केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत सात मुलांमागे एक शौचालय आणि दहा मुलांमागे एक स्नानगृह आहे. कागदावर आकडा जुळतो, पण एकाची कडी तुटलेली असते, दुसऱ्यात बादल्या-झाडू ठेवलेले. मोजणी सकाळी शाळेच्या घाईच्या वेळी करा, आणि पाणी येतं, कडी लागते, दिवा लागतो तेवढीच धरा.

मागच्या तारखांच्या नोंदी भरणं

एकाच पेनाने, एकाच हाताने भरलेलं सहा महिन्यांचं रजिस्टर कोणालाही ओळखू येतं. वैयक्तिक काळजी आराखडेही (प्रत्येक मुलाच्या गरजेनुसार करायच्या योजना) असेच होतात: वीस फायलींत ‘अभ्यासाची गोडी लावणे’. राहिलेली नोंद आजच्याच तारखेने करा आणि माहिती कुठून घेतली ते लिहा. मग मुलाशी बोलून आराखडा नव्याने करा. त्यात त्याची इयत्ता, कच्चा विषय, आजार, घरचं कोण भेटायला येतं, हे यायला हवं. प्रगतीची नोंद पहिले तीन महिने दर पंधरवड्याला, नंतर दरमहा.

तक्रारपेटी अधीक्षकांच्या दाराशी

तिथे कोणतं मूल चिठ्ठी टाकेल? पेटी कार्यालयापासून लांब, मुलांच्या खोल्यांजवळ लावा. किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे राहते, आणि पेटी दर आठवड्याला बाल समितीतल्या (संस्थेतल्या मुलांच्याच समितीतल्या) मुलांसमोर उघडायची असते. पेटी कायम रिकामी निघते म्हणजे सगळं आलबेल आहे, असा अर्थ काढू नका. जागा बदला, चिठ्ठीवर नाव लिहायची सक्ती नाही हे मुलांना सांगा.

लैंगिक अत्याचाराची तक्रार ‘आपसात’ मिटवणं

ही सर्वात गंभीर चूक. संस्थेची बदनामी होईल म्हणून आधी अंतर्गत चौकशी, मग मुलाचीच दुसऱ्या संस्थेत बदली. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही तर कलम 21 खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. मूल बोललं की ते जे म्हणालं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, खोदून खोदून विचारू नका, आणि संशयिताला त्याच दिवशी मुलांपासून दूर करा.

गर्दी कमी करायला मुलं घाईने घरी पाठवणं

‘मंजूर क्षमतेपेक्षा जास्त मुलं’ हा शेरा आला की दोन दिवसांत पालकांना फोन जातात. बाल कल्याण समितीच्या (अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीच्या) आदेशाशिवाय मूल सोडता येत नाही, आणि गृहचौकशी, म्हणजे घरच्या परिस्थितीची पाहणी, न करता सोडलं तर ज्या मारहाणीतून किंवा उपासमारीतून ते आलं तिथेच परत जातं. परिविक्षा अधिकाऱ्यांनी (प्रोबेशन ऑफिसरनी) घर बघितलं का, शाळेचा दाखला सोबत दिला का, चालू औषधं किती दिवसांची दिली, पहिली पाठपुरावा भेट कोणत्या तारखेला, हे मूल दाराबाहेर पडण्याआधी फायलीत असू द्या.