गिऱ्हाइकाचा हात कुठे थांबतो? वेबसाइटवर येणाऱ्यांचं वागणं कसं अभ्यासावं

आठवडी बाजारात हळद घेऊन बसलं की गिऱ्हाइकाच्या मनातलं त्याच्या हातावरून कळतं. बाई हळकुंड उचलते, मोडून आतला रंग पाहते, नाकाशी नेते, मग भाव विचारते. भाव ऐकून नजर शेजारच्या ढिगाकडे गेली तर भाव जड झाला. तेच हळकुंड पुन्हा उचललं तर घ्यायचं आहे, फक्त भरवसा हवा आहे. वेबसाइटवर हीच बाई येते, पण तिचा हात आपल्याला दिसत नाही. तो दिसेल अशी सोय आधी करून घ्यायची, जाहिरात त्यानंतर.

आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातून वायगाव हळद आणि भिवापुरी मिरचीचं तिखट ऑनलाइन विकतो. हळद आणि मिरची, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, माल चोख आहे. तरी पहिल्या वर्षी जाहिरातीवर पैसे घालत गेलो आणि लोक येऊन परत जात राहिले. का जातात, हे पाहायला हवं हेच सुचलं नव्हतं. पुढचं सगळं त्यानंतर शिकलेलं आहे. यातली सगळी साधनं फुकट आहेत आणि बहुतेक काम मोबाइलवर होतं.

पहिली पायरी: एकच प्रश्न वहीत लिहा

‘लोक काय करतात ते पाहू’ म्हणून बसलात तर आकड्यांत हरवाल. प्रश्न नेमका हवा: ‘हळदीचं पान उघडूनही लोक ऑर्डर का देत नाहीत?’ एका वेळी एकच.

दुसरी पायरी: मोजणी सुरू करा

तीन खाती लागतात: गूगल ॲनालिटिक्स, गूगल सर्च कन्सोल आणि मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी. पहिलं सांगतं किती लोक आले, कुठून आले, किती थांबले. दुसरं सांगतं त्यांनी गूगलवर काय शोधलं होतं. तिसरं प्रत्यक्ष पानावरची बोटं दाखवतं. प्रत्येकाचा छोटा कोड वेबसाइटवर टाकावा लागतो. साइट बनवून देणारा मुलगा ते अर्ध्या तासात करून देतो.

ॲनालिटिक्समध्ये दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. सविस्तर माहिती साठवण्याची मुदत मुळात २ महिन्यांची असते, ती सेटिंगमध्ये १४ महिने करून घ्या. नाहीतर पुढच्या वर्षी याच हंगामाशी बारकाईने ताडून पाहायला सविस्तर माहिती हाती उरत नाही. दुसरं, आपल्या घरचं आणि दुकानाचं इंटरनेट मोजणीतून वगळा. आम्ही ते केलं नव्हतं, आणि घरातलेच चार जण दिवसभर पान उघडून पाहायचे ते ‘वाढलेली गर्दी’ म्हणून मिरवत होतो.

व्हॉट्सॲपवरून आलेला माणूस बहुतेक वेळा ‘डायरेक्ट’ या नावाखाली जमा होतो, म्हणजे नेमका कुठून आला ते कळत नाही. म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपसाठी, इन्स्टाग्रामसाठी आणि पुडीवरच्या क्यूआर कोडसाठी वेगवेगळ्या खुणेची लिंक बनवा. तिला यूटीएम लिंक म्हणतात. पुडीवरच्या कोडवरून येणारं गिऱ्हाईक आपली हळद आधी वापरलेलं असतं. त्याला ‘आमची हळद शुद्ध का’ हे पुन्हा ऐकवायची गरज नसते, त्याला पटकन ऑर्डरचं बटण द्यावं.

तिसरी पायरी: लोकांचे शब्द वाचा

मला स्वतःला सगळ्यांत जास्त शिकवलं ते सर्च कन्सोलने. आम्ही पानावर लिहिलं होतं ‘उत्कृष्ट दर्जाची सेंद्रिय हरिद्रा चूर्ण’. लोक शोधत होते ‘वायगाव हळद किंमत’, ‘घरगुती हळद पावडर १ किलो’, ‘भेसळ हळद कशी ओळखायची’. तिसऱ्या वाक्यात भीती आहे: पिवळ्या रंगाची, आपल्या लेकरांच्या पोटात काय जातंय त्याची. त्या भीतीला उत्तर द्यायचं म्हणून आम्ही हळद शिजवण्यापासून दळण्यापर्यंतचे फोटो आमच्याच अंगणातले काढून लावले आणि कडेला अन्न परवान्याचा क्रमांक छापला.

शोधात आपलं पान पुष्कळदा दिसतंय पण त्यावर कोणी टिचकी मारत नाही, असे शब्द वेगळे काढा. तिथे मथळा आणि खालच्या दोन ओळी लोकांच्या शब्दांत लिहिणं एवढंच काम असतं.

चौथी पायरी: नोंदी पाहा, घाईने अर्थ लावू नका

क्लॅरिटीत प्रत्येक भेटीचं चित्रण पाहता येतं. माणसाचं नाव-गाव दिसत नाही, बोट कुठे फिरलं तेवढं दिसतं. मोबाइलवरून आलेल्या आणि हळदीचं पान पाहून निघून गेलेल्या वीस भेटी निवडा, चहा घेऊन बसा, आणि प्रत्येकीची एक ओळ लिहा. फक्त जे दिसलं ते. ‘कंटाळला’ असं लिहू नका, ‘खाली गेला, वर आला, थांबला, गेला’ असं लिहा.

त्यातली एक भेट मी आजही विसरले नाही. रात्री साडेदहाची वेळ होती. बाईंनी किंवा दादांनी हळदीच्या फोटोवर टिचकी मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली, दोन बोटांनी ताणून पाहिलं. फोटो मोठा होत नव्हता. मग पान सावकाश खाली नेलं, ‘आमच्याविषयी’ उघडलं, परत आले, पुन्हा फोटोवर टिचकी. बाजारात हळकुंड मोडून आतला रंग पाहतात ना, तेच ते करू पाहत होते, आणि आम्ही त्यांचा हात धरून ठेवला होता. शेवटी माल टोपलीत टाकला, पैसे भरायच्या पानावर गेले, तिथे पहिल्यांदा कुरिअरचा खर्च दिसला आणि भेट संपली.

काही न घडणाऱ्या जागी मारलेल्या टिचकीला ‘डेड क्लिक’ म्हणतात, आणि चिडून एकाच जागी पुन्हा पुन्हा मारलेल्या टिचक्यांना ‘रेज क्लिक’. क्लॅरिटी या दोन्ही वेगळ्या काढून देते. सुरुवात तिथून करा. चित्रणं साधारण ३० दिवसच राहतात, म्हणून वहीतली नोंद महत्त्वाची.

पाचवी पायरी: पाच माणसांजवळ बसा

यंत्र ‘काय केलं’ ते सांगतं, ‘का’ ते माणूसच सांगतो. वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी २००० साली लिहिलं होतं की पाच माणसांकडून वापरून घेतलं तरी बहुतेक मोठ्या अडचणी समोर येतात. पाच माणसं गावातही मिळतात, पण घरची नकोत, ती कौतुकच करतात. माणसाच्या हाती त्याचाच फोन द्या आणि म्हणा, ‘अर्धा किलो हळद मागवून दाखवा.’ मग गप्प बसा. ‘इथे दाबा’ म्हणण्याची उबळ येईल, ती आवरा.

नागपूरला राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका काकूंनी पान वर-खाली केलं आणि म्हणाल्या, “अवं, मले घरी आणून द्यायचे किती पैसे लागते, हे कुठी लिवलं आहे?” लिहिलेलं नव्हतं. वीस भेटींत जे दिसलं होतं, त्याचं कारण या एका वाक्यात मिळालं. फोनवर आणि व्हॉट्सॲपवर येणारे प्रश्नही असेच वहीत उतरवा. तोच प्रश्न तीनदा आला की त्याचं उत्तर पानावर जायला हवं.

सहावी पायरी: मनाचे दोन-तीन नियम ओळखा

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमोस ट्वेर्स्की यांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धांताचा गाभा असा की मिळणाऱ्या फायद्यापेक्षा तेवढंच नुकसान माणसाला जास्त लागतं. ऑनलाइन हळद घेणाऱ्याला ‘पैसे गेले आणि माल खराब निघाला’ ही धास्ती असते. कुरिअरचा खर्च शेवटी दाखवला की तोही नुकसानीसारखाच बोचतो. म्हणून आम्ही भावाखालीच कुरिअर खर्च लिहिला, आणि ‘आवडली नाही तर पैसे परत’ हे मोठ्या अक्षरात घातलं.

शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्राच्या अभ्यासकांच्या २००० सालच्या प्रयोगात २४ प्रकारचे जॅम मांडले तेव्हा थांबणारे जास्त होते, पण ६ प्रकार मांडले तेव्हा विकत घेणारे कितीतरी जास्त निघाले. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत असं दिसलं नाही, म्हणून हा नियम दगडावरची रेघ समजू नका. आमच्याकडे तिखटाची नऊ वजनं होती, ती तीन केली, आणि ‘कोणतं घेऊ?’ हे फोन कमी झाले.

या ज्ञानाचा गैरवापर करू नका, एवढं मी हात जोडून सांगते. ‘फक्त २ पुड्या शिल्लक’ हे खोटं लिहिणं, टोपलीत न मागितलेला माल सरकवणं, खर्च शेवटपर्यंत लपवणं, या युक्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. आणि आपण कोणती माहिती का गोळा करतो, हे साइटवर साध्या मराठीत लिहा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ पासून आपल्याकडे आहे.

सातवी पायरी: एक बदल, तारीख, आणि थांबणं

एका वेळी एकच बदल करा आणि वहीत तारीख टाका. पानाचे दोन नमुने एकदम चालवून तुलना करायचा सल्ला सगळे देतात, पण दिवसाला वीस-तीस लोक येणाऱ्या साइटवर त्यातून बहुधा काही ठरत नाही. त्यापेक्षा बदलाआधीचे चार आठवडे आणि नंतरचे चार आठवडे ताडा, आणि हंगाम ध्यानात घ्या. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाचं तिखट भरतात, तेव्हा विक्री वाढली तर श्रेय आपल्या नव्या बटणाला देऊ नका. मागच्या वर्षीचा तोच महिना समोर ठेवा.

वेगही तपासा. पानातला मुख्य फोटो अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी गूगलची अपेक्षा आहे, आणि गूगलच्याच पेजस्पीड इनसाइट्स या साइटवर ते फुकट मोजता येतं. फोनमधून जसाच्या तसा चढवलेला फोटो फार जड असतो, तो आधी लहान करून घ्या. मग शिवाराच्या टोकाला, जिथे रेंजची एकच दांडी येते, तिथे उभं राहून आपलं पान स्वतः उघडून पाहा.

फोटो मोठा होण्याची सोय केल्यावर लोक त्यावर थांबू लागले, हे आम्हाला चित्रणांत दिसलं. आता वहीत नवा प्रश्न आहे. जानेवारीत ‘ओली हळद लोणच्यासाठी’ असं शोधून लोक आमच्या पानावर येतात आणि लगेच परत जातात. ओली हळद आमच्या वावरातच असते, पण साइटवर तिचं पानच नाही. या हंगामात हळद खणायच्या आधी ते पान तयार करून, पहिल्या वीस भेटी पाहायच्या आहेत.