एका ठिकाणी राहा, हाताने काम करा: मनाला उभारी देणारा मुक्काम कसा आखावा

मन शिणले म्हणून आपल्या विदर्भातील खेड्यातून बाहेर पडणारी मंडळी बहुधा एक गाडी ठरवतात आणि एका दिवसात चार-पाच देवस्थाने उरकतात. दर्शन घडते; थकवा मात्र तसाच परत येतो. त्यापेक्षा एकच ठिकाण निवडावे, तेथे निदान तीन-चार दिवस राहावे आणि तेथील रोजच्या कामात हात घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेळ निवडताना उन्हाळा टाळावा, कारण पारा ४५ अंशांकडे झेपावत असताना शरीराचे सगळे लक्ष सावलीकडेच लागते. सोयाबीन घरात आले आणि हरभरा पेरून झाला की थोडी उसंत मिळते; कपाशीची वेचणी सुरू असली, तरी ती घरातील कोणावर तरी सोपवून निघावे, आणि सोपवल्यावर दिवसातून दहा वेळा फोन करू नये.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी वर्धा सुचवतो. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगाव नावाच्या ज्या खेड्यात राहायला आले, तेच आजचे सेवाग्राम (गजानन महाराजांचे शेगाव वेगळे, ते बुलढाणा जिल्ह्यातील). माती, बांबू आणि कवेलू (कौले) यांची बापूकुटी अर्ध्या तासात पाहून होते, म्हणून पर्यटक लगेच निघून जातात. राहणाऱ्याला मात्र प्रार्थना, सफाई आणि सूतकताई यांत गुंतलेला दिवस अनुभवता येतो. निवासाची चौकशी आधीच करावी. सेवाग्राम नावाचे रेल्वेस्थानक आश्रमापासून काही किलोमीटर दूर आहे, हेही लक्षात ठेवावे.

कातण्याकडे शोभेची गोष्ट म्हणून पाहू नये. पेटीचरख्यावर (पेटीत बसणाऱ्या लहान चरख्यावर) उजव्या हाताने चाक फिरवायचे आणि डाव्या हातातील पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, सावकाश मागे न्यायचा असतो. चाक पुढे धावले तर पीळ जास्त बसून सूत गुंतते आणि पेळू घाईने ओढला तर सूत बारीक होऊन तुटते. तुटलेले टोक पेळूच्या मोकळ्या तंतूंवर टेकवून चाक हलकेच फिरवले की ते पुन्हा धरते. पहिला दिवस बहुतेक जोडण्यातच जातो, त्यामुळे किती सूत निघाले हे मोजण्याच्या भानगडीत पडू नये.

धाम नदीकाठचे पवनार जवळच आहे. विनोबा १९३८ मध्ये तेथे आले तेव्हा त्यांची प्रकृती खालावलेली होती. त्यांनी कुदळ घेऊन जमीन खणायला सुरुवात केली, तीही अगदी थोडी मिनिटे, आणि अंगात जसा जोर येत गेला तसा वेळ वाढवत नेला. श्रमाची सवय नसलेल्या नोकरदाराने हाच क्रम पाळावा. पहिल्याच दिवशी अंग मोडून घेतल्यास दुसऱ्या दिवशी प्रार्थनेलाही बसवत नाही. विनोबांनी १९५९ मध्ये स्थापलेल्या तेथील ब्रह्मविद्या मंदिरात भगिनींचे सामूहिक जीवन चालते. ते त्यांचे घर आहे, तेव्हा भेटीची वेळ विचारूनच जावे.

ज्याला केवळ मौन हवे आहे, त्याने विपश्यना या ध्यानपद्धतीचे दहा दिवसांचे शिबिर निवडावे. नागपूरजवळ त्याचे केंद्र आहे. शुल्क नसते, परंतु फोन जमा करावा लागतो, लिहिणे-वाचणे बंद असते आणि पहाटे चारला उठावे लागते. मानसिक आजारावर उपचार सुरू असल्यास डॉक्टरांना विचारावे आणि अर्जात ते लपवू नये.

खरी कसोटी गावी परतल्यावर लागते. मोझरीच्या गुरुकुंज आश्रमातून तुकडोजी महाराजांनी रुजवलेली सामुदायिक प्रार्थना आपल्याकडील अनेक गावांत आजही सायंकाळी होते. तेथे मागच्या रांगेत जाऊन बसावे. पहाटे पारासमोरची जागा झाडली तरी चालेल. गाडगेबाबांच्या मुलखात हाती झाडू घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. सूतकताई चालू ठेवायची असेल, तर घरचाच कापूस वापरण्याचा मोह आवरावा. सरकी काढणे, पिंजणे आणि पेळू वळणे हे स्वतंत्र कसब आहे; सुरुवातीचे काही महिने तयार पेळू विकत आणून रोज अर्धा तास कातावे आणि हात बसल्यावरच घरच्या कापसाकडे वळावे.