दसऱ्याची पूजा झाली की त्याच आठवड्यात टायर बदला

लातूरला घरी आले की औसा रोडवरच्या शेजारपाजारची लेकरं भेटायला येतात. सगळी कॅनडाला निघालेली, कोणी विनिपेगला, कोणी ब्रॅम्प्टनला, कोणी माँट्रियलला. स्वेटर किती घेऊ, काळा मसाला किती नेता येतो, कुकर न्यावा का, सगळं विचारतात. गाडीचं मात्र कुणी विचारत नाही. तिकडे पोचल्यावर सहा महिन्यांत प्रत्येक जण जुनी गाडी घेतो आणि पहिल्याच हिवाळ्यात अडकतो. मी चौदा वर्षं विनिपेगमध्ये गाडी चालवतेय, त्यातली बरीचशी रात्रपाळीची. म्हणून हे बसून लिहिलं.

आधी थंडीचा अंदाज घ्या. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला, आपण शेतात भज्जी-आंबील घेऊन बसतो, तेव्हा लातूरचा पारा दहा-बारावर आला तरी शाल काढतो. त्याच दिवसांत विनिपेगची रात्र उणे ३० ला जाते. बर्फ दिसतो म्हणून सगळे बर्फालाच घाबरतात, पण गाडी बिघडवते ती थंडी. रबर, तेल, पाणी, बॅटरी, हवा, सगळ्यांचा स्वभावच बदलतो.

मृगाच्या आधी बी-बियाणं घरात आणून ठेवतात, पाऊस पडल्यावर दुकानाकडे धावत नाहीत. गाडीचंही तसंच आहे. दसऱ्याला गाडी धुऊन, हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून मी आजही पूजा करते आणि त्याच आठवड्यात हिवाळी टायर बसवून घेते. साध्या टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं आणि रस्ता धरत नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. बर्फ पडायची वाट बघणारे सगळे जण पहिल्या बर्फाच्या दिवशी एकदम गॅरेजवर जातात आणि मग दोन-दोन आठवडे नंबर लागत नाही.

टायरच्या बाजूला डोंगराचं चित्र आणि त्यात बर्फाचा कण असेल तरच तो खरा हिवाळी टायर समजा. नुसतं ‘ऑल-सीझन’ लिहिलेलं असेल तर विनिपेगच्या जानेवारीत त्यावर विसंबू नका. चारही बदला. पैसे वाचवायला पुढचे दोनच बदलले तर वळणावर गाडीचा मागचा भाग फिरतो, ते जास्त धोक्याचं. बदलल्यावर ८०-१०० किलोमीटर चालवून चाकाचे नट पुन्हा आवळून घ्या. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच लागतात, माँट्रियलला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. विनिपेग ज्या प्रांतात आहे त्या मॅनिटोबात सक्ती नाही, पण तिथली सरकारी विमा कंपनी टायरसाठी कमी व्याजाचं कर्ज देते. चार टायर म्हणजे नवीन माणसाला मोठा खर्च, तेव्हा त्या कर्जाची चौकशी जरूर करा.

हवेबद्दल आपल्याकडची सवय उलटी आहे. मे महिन्यात टायर तापून फुटेल म्हणून आपण हवा थोडी कमी ठेवतो. तिकडे तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप) कमी होते. ऑक्टोबरमध्ये नीट भरलेला टायर जानेवारीत सात-आठ पीएसआयने बसलेला असतो. महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना हवा बघा. किती हवी तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो.

आता पाण्याचं सांगते, कारण त्यात आमचं पहिलं इंजिन गेलं. आमची पहिली गाडी जुनी होती, रेडिएटर थोडा गळायचा. लातूरला जीपमध्ये जसं पाणी टाकतात तसं आम्ही ऑगस्टपासून दर आठवड्याला नळाचं पाणी टाकत गेलो. गाडी गरम होत नव्हती, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटलं. कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं थंडीत न गोठणारं द्रव, पातळ होत चाललंय हे कळलंच नाही. नोव्हेंबरात पहिल्यांदा पारा उणे २४ वर गेला, त्या रात्री आतलं पाणी गोठलं. गोठताना पाणी फुगतं, आणि त्या जोराने इंजिनच्या ब्लॉकला तडा गेला. मेकॅनिकने टॉर्च मारून तो तडा दाखवला. ब्लॉक दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होता. तो महिना मी उणे २० मध्ये बसथांब्यावर उभी राहून कामाला गेले. म्हणून हात जोडून सांगते, रेडिएटरमध्ये साधं पाणी टाकू नका. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. ऑक्टोबरमध्ये गॅरेजमध्ये ते तपासायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. काच धुवायच्या टाकीतही पाणी नको, उणे ४० लिहिलेलं द्रव भरा.

विनिपेगच्या गाड्यांना पुढून एक वायर लोंबताना दिसेल. मोबाइल चार्ज करायची नाही ती. आत इंजिनला ऊब देणारा ब्लॉक हीटर असतो आणि पार्किंगमध्ये त्यासाठी प्लग असतात. घर भाड्याने घेताना पार्किंगला चालू प्लग आहे का, हे आधी विचारा. पारा उणे १५ च्या खाली गेला की निघायच्या तीन-चार तास आधी हीटर चालू व्हायला हवा. टायमर लावा, रात्रभर वीज जाळायची गरज नाही. एक्स्टेन्शनची वायर बाहेरच्या थंडीत चालणारी, जाड घ्या. सकाळी निघताना वायर काढायला विसरू नका. इंजिन ऑइल ० डब्ल्यू किंवा ५ डब्ल्यूचं, म्हणजे थंडीतही पातळ राहणारं, गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असेल तेच. बॅटरी चार-पाच वर्षं जुनी असेल तर उन्हाळ्यात चालतेय म्हणून गाफील राहू नका. उणे १८ ला तिची ताकद जवळपास निम्मी होते, आणि थंड तेलामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. पेट्रोल कायम निम्म्याच्या वर ठेवा. हायवेवर अडकलात तर तेच तुमची ऊब असतं.

काचेवर बर्फ बसला की गरम पाण्याचा तांब्या ओतायचा मोह होतो. ओतू नका, काच तडकते. ब्रश आणि खरवडणी घ्या, आणि टपावरचाही बर्फ काढा. ब्रेक मारल्यावर तो अख्खा घसरून पुढच्या काचेवर येतो आणि काही दिसत नाही. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं असेल तर इंजिन चालू करून आत बसू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड गाडीत भरतो, त्याला वास नसतो. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते.

लहान मूल असेल तर फुगलेला जाड कोट घालून कार-सीटमध्ये बसवू नका. पट्टा वरून घट्ट दिसतो, पण धक्का बसला की कोट दबतो आणि पट्टा सैल पडतो. कोट काढून पट्टा बांधा, वरून गोधडी पांघरा. आजीने शिवलेली गोधडी त्यासाठी घेऊनच जा. एक जास्तीची डिकीत ठेवा, सोबत फावडं, जम्पर केबल, टॉर्च, हातमोजे आणि वाळूची छोटी पिशवी. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की त्याच्यापुढे वाळू टाकायची.

चालवण्याचं थोडंच सांगते. रस्ता नुसता ओला, काळा चमकताना दिसला तर तो पातळ बर्फ असू शकतो, विशेषतः पुलावर आणि चौकात, जिथे गाड्या थांबून धूर सोडतात. तिथे पोचायच्या बऱ्याच आधी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. जुन्या जीपवर शिकलेले आपण ब्रेक दाबतो-सोडतो. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या गाडीत ब्रेक दाबूनच धरायचा. पायाखाली थरथर जाणवेल, तिला घाबरायचं नाही. गाडी घसरली तर जिथे जायचंय तिकडे बघा आणि स्टिअरिंग हळू तिकडेच न्या. बर्फावर क्रूझ कंट्रोल, म्हणजे गाडीने आपोआप एकच वेग धरून ठेवायची सोय, लावू नका.

जानेवारीत उतरणाऱ्यांनी पहिला हिवाळा बसने काढावा, असं माझं स्पष्ट मत आहे. एप्रिलमध्ये बर्फ वितळला की गाडी बघायला जा, आणि जाताना जुनी सतरंजी न्या. ती जमिनीवर टाकून गाडीखाली डोकवा. रस्त्यावर टाकलेलं मीठ गाडीला खालून खातं. वरून चकाचक दिसणारी गाडी तिथे गंजून पोखरलेली दिसली, तर किंमत कितीही कमी असो, उठून घरी या.