पडत्या बाजारात बिटकॉइन कसे घ्यावे

एक्सचेंजवर, म्हणजे क्रिप्टो नाण्यांची खरेदी-विक्री होते त्या ॲपवर, पॅन, केवायसी आणि बँक खात्याची जोडणी झाली आहे, असे धरून चालतो. घरखर्च आणि चतुर्थीचा खर्च बाजूला काढून, बुडाली तरी झोप उडणार नाही एवढीच रक्कम ठरवावी. नाणे बिटकॉइनच घ्यावे. मे 2022 मध्ये ‘लुना’ हे दुसरे क्रिप्टो नाणे काही दिवसांत जवळजवळ शून्यावर आले, तेव्हा ‘स्वस्त झाले’ म्हणून ते घेणाऱ्यांच्या हाती काहीच उरले नाही.

खरी कसोटी रक्कम विभागण्यात आहे. ‘भाव पडला की घ्या’ असे सांगणारे किती पडला की घ्यायचे, हे कधीच सांगत नाहीत. नोव्हेंबर 2021 मध्ये बिटकॉइन सुमारे 69,000 डॉलरवर होते. जानेवारीत ते 40,000 च्या खाली आले, तेव्हा हाच तळ समजून मी फोंड्यातल्या घरी बसून एका दिवसात सगळी रक्कम घालून मोकळा झालो. 18 जूनला, ऐन पावसाळ्यातल्या एका शनिवारी, भाव 20,000 च्या खाली उतरला आणि माझ्यापाशी बघत बसण्यावाचून काही उरले नव्हते.

तेव्हापासून मी तळ शोधत नाही, शिखरापासून मोजतो. भाव 40 टक्के पडला की रकमेचा पाचवा हिस्सा, 60 टक्के पडला की आणखी तीन दशांश आणि 75 टक्के पडला की उरलेली सगळी, म्हणजे निम्मी रक्कम. त्या वेळी या पातळ्या 41,400, 27,600 आणि 17,250 डॉलर अशा आल्या असत्या. शेवटची जूनमध्ये नव्हे, तर नोव्हेंबर 2022 मध्ये एफटीएक्स हे मोठे एक्सचेंज कोसळल्यावर लागली असती. पुष्कळदा ती लागतच नाही. तेव्हा ते पैसे बँकेत राहू द्यावेत, हात शिवशिवले तरीही. दरमहा ठरावीक रक्कम घालणे पगारदारांना सोयीचे आहे, पण ती मंदीतली खरेदी नव्हे.

पातळ्या शांत डोक्याने आधीच कागदावर लिहाव्यात आणि लिमिट ऑर्डर, म्हणजे आपण ठरवलेल्या भावालाच घेणारी ऑर्डर, लावून ठेवावी. बाजार कोसळताना मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला लगेच घेणारी ऑर्डर, कधीही देऊ नये, कारण विक्रेते विरळ झाले की दिसतो त्यापेक्षा बराच महाग भाव पदरी पडतो. शिवाय आमच्याकडे पावसात वीज गेली तरी लावलेली ऑर्डर थांबत नाही. मात्र एक्सचेंजवर फक्त पुढच्या टप्प्यापुरतेच पैसे ठेवावेत. एका एक्सचेंजने पैसे काढणे बंद केले, तेव्हा माझी तिन्ही टप्प्यांची रक्कम तिथेच अडकली होती.

घेतलेली नाणी एक्सचेंजवरून स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे जिची गुप्त किल्ली फक्त आपल्याकडे असते अशा डिजिटल तिजोरीत, हलवावीत.

तोट्यात विकून पुन्हा खाली घेण्याचा खेळ करू नये. भारतात नफ्यावर 30 टक्के कर आहे, विक्रीवर 1 टक्का टीडीएस कापला जातो आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणून प्रत्येक खरेदीची तारीख आणि रुपयांतला भाव त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावा.