कॅमेरा चोरीला जातो तो खाली ठेवल्यावर

आम्ही इंदूरची चार-पाच मराठी मंडळी महिन्या-दोन महिन्यांनी कॅमेरे घेऊन कुठे ना कुठे निघतो, मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर, पावसात पाताळपाणीचा धबधबा, आणि सलग सुट्टी मिळाली की रात्रीच्या गाडीनं मुंबई नाहीतर पुणं. इतक्या वर्षांत आमच्यातल्या तिघांचं काही ना काही गेलंय. माझी 50 एमएमची लेन्स, एकाची अख्खी सॅक आणि एकाचा ट्रायपॉड (ट्रायपॉड कोण चोरतं भिया, पण गेला). नंतर बसून आठवलं तर तिन्ही वेळा सामान हातात नव्हतं, गळ्यात नव्हतं, कुठेतरी ठेवलेलं होतं. बाइकवरून येऊन हिसकावणारे असतात, नाही असं नाही, त्यांच्यासाठी पट्टा आडवा घाला आणि कॅमेरा रस्त्याच्या बाजूला लोंबू देऊ नका, एवढं पुरतं. खरा घोळ होतो तो कॅमेरा खाली ठेवल्यावर, त्यामुळे पुढचं बरंचसं त्यावरच आहे.

पण आधी घरचं काम, निघायच्या आदल्या रात्री अर्धा तास. बॉडीचा सिरियल नंबर सहसा तळाला असतो, काही मॉडेलमध्ये बाहेर फिरणाऱ्या स्क्रीनच्या मागे, आणि लेन्सचा तिच्या अंगावर किंवा माउंटजवळ अगदी बारीक अक्षरात. सगळ्याचे मोबाइलनं फोटो काढा, बिलाचाही काढा, आणि स्वतःलाच मेल करून टाका, कारण नुसतं मोबाइलमध्ये ठेवलं आणि मोबाइलही त्याच सॅकमध्ये असला तर बसा बोंबलत. मोबाइल गेला तर त्याला आयएमईआय नंबर असतो, सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून तो ब्लॉक करता येतो, मग कुठलंही सिम घातलं तरी चालत नाही. कॅमेऱ्याला असलं काही नाही, चोरानं कार्ड बदललं की कॅमेरा त्याचाच झाला. म्हणून तो नंबर जपायचा. बिल सापडत नसेल तर जुने फोटो बघा, बऱ्याच कॅमेऱ्यांत प्रत्येक फोटोच्या आतल्या माहितीत बॉडीचा नंबर आपोआप लिहिला जातो, कॉम्प्युटरवर ती माहिती (तिला एक्झिफ म्हणतात) उघडली की दिसतो. आणि मेन्यूमध्ये कॉपीराइटचा पर्याय असतो, तिथे आपलं नाव टाकून ठेवा.

विम्याचं थोडक्यात. घरातल्या सामानाची पॉलिसी असेल तर ती बाहेरगावी लागू होते का ते आधी वाचा, बऱ्याचदा होत नाही, कॅमेऱ्यासाठी ‘ऑल रिस्क’ प्रकारचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. त्यातही अटी असतात, सामान बेवारस सोडलं होतं तर क्लेम नाही, गाडीतून गेलं तर काच किंवा कुलूप फोडल्याची खूण दाखवा, आणि घसारा कापूनच पैसे. अटींचं ते बारीक छापलेलं पान वाचायचा कंटाळा येतो, मलाही येतो, तरी वाचा.

आता बॅग. कॅमेऱ्यासोबत कंपनी जी बॅग फुकट देते, मोठ्या अक्षरात नाव छापलेली, ती घरी चार्जर ठेवायला वापरा. ती घेऊन फिरणं म्हणजे आत काय आहे त्याची पाटी लावून फिरणं. आतले गादीचे कप्पे वेगळे मिळतात, ते एखाद्या जुन्या कॉलेजच्या सॅकमध्ये बसवा, झालं. आमच्यातली एक ताई आईची जेवणाच्या डब्याची पिशवी वापरते, वर नॅपकिन, खाली लेन्स, आजवर कोणी तिच्याकडे वळून बघितलं नाही. नवी सॅक घेणारच असाल तर जिची मुख्य चेन पाठीच्या बाजूनं उघडते ती घ्या, पाठीवर असताना कोणाला उघडताच येत नाही. साध्या सॅकच्या चेनचे दोन्ही ओढे ट्रेकवाले वापरतात त्या कडीत अडकवा, नाहीतर मोठी सेफ्टी पिन लावा, फार मोठं संरक्षण नाही हे, पण गर्दीत हात घालणाऱ्याला दोन सेकंदही जास्त लागले तर तो दुसऱ्याकडे जातो. कुलूप लावून निर्धास्त होऊ नका मात्र, प्लास्टिकच्या दातांची चेन बॉलपेन खुपसून मधूनच उघडते, आणि वरून ओढा फिरवला की पुन्हा बंदही होते, तुम्हाला घरी जाईपर्यंत कळत नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या, सराफा. रात्री सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की खाण्याच्या गाड्या लागतात, बसायला जागा जवळजवळ नसतेच, उभ्यानंच खायचं. एका हातात गराडूची (तळलेल्या कंदाची) प्लेट, दुसऱ्या हातात काडी, बोटं तेलकट, वरचा जिरावण मसाला लागलेला, मग माणूस काय करतो, गळ्यातला कॅमेरा काढून बंद दुकानाच्या ओट्यावर ठेवतो आणि त्याच्याकडे पाठ करून जलेबीवाल्याला हाक मारतो. हेच नको. आमचा नियम आहे, खाताना एकजण उपाशी, सगळे कॅमेरे त्याच्या गळ्यात, त्याचं खाणं दुसऱ्या फेरीत. एकटे असाल तर आधी फोटो, मग कॅमेरा सॅकमध्ये, सॅक छातीवर, मग भुट्ट्याचा कीस. जिथे टेबल-खुर्ची आहे तिथे सॅक खाली ठेवून पट्ट्यातून आपला पाय घाला, खुर्चीचा पाय नाही, आपला, खुर्ची उचलली की पट्टा सुटतो आणि कळतही नाही.

रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीला, राजवाड्यापाशी जायचं असेल तर एक बॉडी, एक लेन्स, बाकी सगळं घरी. तिथे लेन्स बदलायचा विचारही करू नका, टँकरचं पाणी आणि गुलाल चोरापेक्षा जास्त नुकसान करतात आणि बदलताना जी लेन्स काखेत धरलेली असते ती धक्क्यात गेली की शोधायचीही सोय नाही. बरेच जण ओळखीच्या घराच्या गच्चीवरून काढतात, ते चांगलंच, पण गच्चीवर पन्नास माणसं चढलेली असतात, ‘घरच्यांचीच गच्ची आहे’ म्हणून बॅग जिन्यात सोडू नका. लग्नाचंही तसंच. माझी लेन्स चुलतभावाच्या लग्नात गेली, मंगलाष्टकं संपत आली होती, मी पाऊच वधूपक्षाच्या खुर्चीवर ठेवून अक्षता टाकायला हात मोकळा केला, परत आलो तर खुर्चीवर एक आजी बसलेल्या आणि पाऊच नाही. कोणी नेलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. छान कपडे घातलेला माणूस लग्नात सगळ्यांनाच आपला वाटतो, मुलाकडच्यांना मुलीकडचा आणि मुलीकडच्यांना मुलाकडचा.

घाटावर सगळ्यात वाईट सवय आपली. महेश्वरला, ओंकारेश्वरला पाण्यात उतरायचं म्हणून कपडे काढून ठेवायचे आणि कॅमेरा त्या कपड्यांच्या ढिगाखाली लपवायचा. घाटावर बसलेल्या कोणालाही तो ढीग कशासाठी एवढा नीट घडी केलाय ते कळतं. पाळी लावा, एकजण कोरडा राहील. एकटे असाल तर त्या वेळी कॅमेरा खोलीवर, आणि धर्मशाळेत उतरला असाल तर दाराला स्वतःचं कुलूप न्या, कोयंडा बहुतेक ठिकाणी असतोच. हॉटेलमध्ये सॅक पलंगावर उघडी टाकून जाऊ नका, कपड्यांच्या बॅगेत घालून ती बॅग कुलूप लावून तारेच्या साखळीनं पलंगाच्या पायाला, दिसायला विचित्र दिसतं पण असू दे. आणि ओंकारेश्वरच्या माकडांना कॅमेऱ्यात काही रस नाही, त्यांना तुमच्या सॅकमधला प्रसाद हवा असतो, पण सॅक तीच ना.

स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्यांसाठी एकच गोष्ट सांगेन. सामान डिकीत ठेवायचं ते इंदुरातून निघताना, मांडूच्या पार्किंगमध्ये पोचल्यावर नाही. जहाज महालासमोर गाडी लावून, उतरून, डिकी उघडून, सगळ्यांसमोर सॅक आत टाकून, दोनदा हँडल ओढून बघून निघून जाणारे लोक मी इतके पाहिलेत की काय सांगू. मधे चहाला थांबाल तिथे आवरून घ्या, मुक्कामावर डिकीला हात लावू नका. मोठ्या शहरांत सिग्नलवर ‘भैया, गाडी से ऑइल गिर रहा है’ म्हणून काच वाजवणारे भेटतात, एक इकडे बोलत असतो, दुसरा पलीकडचं दार उघडत असतो. गळू दे ऑइल, पेट्रोल पंपावर जाऊन बघा. पैसे खाली पडलेत, शर्टावर घाण उडालीय, हे सगळे त्याच घराण्यातले. तुमची मान वळली पाहिजे एवढंच त्यांना हवं असतं.

रात्रीची गाडी. अवंतिका एक्सप्रेस संध्याकाळी इंदूर सोडते आणि सकाळी मुंबई सेंट्रल, मधे उज्जैन, रतलाम, दाहोद, गोध्रा, बडोदा, सुरत, म्हणजे रात्रभर कोणी ना कोणी चढतंय उतरतंय. शक्यतो वरचा बर्थ घ्या, खालच्या बर्थवर झोपलेल्याचं सामान जाता-येता हाताला लागतं. खालच्या बर्थच्या खाली लोखंडी कड्या असतात, साखळी-कुलूप तिथेच लावायचं, पण ते कपड्यांच्या बॅगेसाठी. कॅमेरा कधीही खाली नाही. तो डोक्याशी, सॅकचा पट्टा दंडात किंवा मनगटात घालून, वरून चादर, आणि डोकं येण्याजाण्याच्या वाटेकडे नको, खिडकीच्या बाजूला. अंग अवघडतं, सकाळी मान धरते, मान्य. रात्री बाथरूमला जाताना ती सॅक सोबत, शेजारचे काका कितीही सज्जन असले तरी, कारण काकांनाही झोप लागते. बॅटरी चार्जिंगला लावून झोपू नका, घरून भरून आणा. गाडी स्टेशनातून हलायला लागते तेव्हा जागे राहा, सामान उचलून चालत्या गाडीतून उतरायला चोराला तेवढाच वेळ हवा असतो.

विमानात कॅमेरा कधीच चेक-इन नको. देशातल्या बहुतेक विमान कंपन्या केबिनमध्ये 7 किलो देतात, एक बॉडी दोन लेन्स आरामात बसतात. सुटे लिथियमचे सेल आणि पॉवर बँक तर नियमानंच चेक-इन बॅगेत चालत नाहीत, त्यामुळे विमान भरलंय म्हणून दारापाशी तुमची केबिन बॅग खाली पाठवायला मागितली तर आधी ते आणि बॉडी काढून घ्या. सिक्युरिटीला कॅमेऱ्याचा ट्रे मशीनमध्ये जाईपर्यंत तुम्ही पुढे जाऊ नका.

फोटोंचं सांगायचं राहिलं. कॅमेरा परत घेता येतो, वहिनीच्या डोहाळजेवणाचे फोटो परत काढता येत नाहीत. म्हणून एका 256 जीबीपेक्षा 64 ची चार कार्डं बरी, भरलेलं कार्ड कॅमेऱ्याच्या बॅगेत नको, खिशात नाहीतर कमरेच्या पाउचमध्ये. मुक्कामाला रोज रात्री कॉपी. सॅकच्या अस्तरात ब्लूटूथ ट्रॅकर शिवून टाकता येतो, पण त्याचं काम कसं चालतं ते समजून घ्या, तो स्वतः जीपीएसनं सांगत नाही, आसपासच्या लोकांच्या मोबाइलमार्फत सांगतो, म्हणजे राजवाड्यात उत्तम आणि घाटातल्या रस्त्यावर शून्य. शिवाय अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरतोय असा मेसेज चोराच्या मोबाइलवरही जाऊ शकतो.

आणि एवढं करूनही गेलाच तर. ट्रेनमध्ये 139 ला लगेच फोन, टीटीई (तिकीट तपासनीस) किंवा आरपीएफवाल्याला (रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला) गाठा, तक्रार चालत्या गाडीत नोंदवता येते, इंदूरला परत येईपर्यंत थांबायची गरज नाही. रस्त्यावर, हॉटेलात गेला तर जवळचं कुठलंही ठाणं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत झाला तरी माहिती नोंदवून घ्यायची, हीच ती झिरो एफआयआर, आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. आमच्या सॅकवाल्या मित्राला ठाण्यात सांगितलं, ‘गुम गया लिख दो, जल्दी हो जाएगा’, त्यानं दमून तसं लिहून दिलं आणि विमा कंपनीनं क्लेम परत पाठवला, कारण कागदावर चोरी नव्हती, हरवणं होतं. दोन तास बसावं लागलं तरी बसा, चोरीच लिहून घ्या, सिरियल नंबर त्यात आला पाहिजे, लेन्सचेही. विमा कंपनीला त्याच दिवशी मेल. मग पुढचे काही आठवडे ओएलएक्सवर आणि शहरातल्या जुने कॅमेरे विकणाऱ्यांकडे आपलं मॉडेल बघत राहा, दुकानदाराला नंबर देऊन ठेवा. सापडल्यासारखा वाटला तर घ्यायच्या बहाण्यानं एकट्यानं भेटायला जायचं नाही, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि एफआयआरची प्रत घेऊन आधी ठाण्यात.