आफ्रिकेतील विकासाचा इतिहास अभ्यासू पाहणाऱ्यांसाठी

निर्वसाहतीकरण (वसाहती स्वतंत्र होण्याची प्रक्रिया) आणि विकास या विषयात संशोधन करू इच्छिणारे विद्यार्थी बहुधा आधी विचारतात, की देश कोणता निवडावा. माझ्या मते देशाऐवजी एखादी योजना निवडावी. मी टांगानिकातील, म्हणजे आजच्या टांझानियातील, भुईमूग योजनेपासून सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये खाद्यतेलाची टंचाई असताना आखलेल्या या योजनेत ३० लाखांहून अधिक एकर जमीन लागवडीखाली आणण्याचा बेत होता. पण काँग्वा परिसरात पाऊस बेभरवशाचा निघाला, उन्हाने टणक झालेल्या जमिनीत अवजारे मोडू लागली आणि १९५१ मध्ये सुमारे ३ कोटी ६० लाख पौंडांवर पाणी सोडून ती गुंडाळावी लागली. या फसगतीचा माग काढत पुढे सरकले, की १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यानंतरची, म्हणजे समाजवादी धोरणाच्या घोषणेनंतरची, राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांची 'उजामा' ग्रामवसाहत (शेतकऱ्यांना सामुदायिक गावांत वसवण्याची मोहीम) वेगळ्या प्रकाशात दिसू लागते. तिची प्रेरणा निराळी होती हे मान्य करूनही, विखुरलेल्या शेतकऱ्याला एका जागी आणले की शेती सुधारेल ही समजूत १९६१ च्या स्वातंत्र्याआधीची आहे.

स्वाहिली आधी शिकावी, कारण गावपातळीवरच्या लोकांशी इंग्रजीतून बोलणे म्हणजे सरकारी बाजूच पुन्हा ऐकणे होय. संशोधन परवान्याचा अर्जही लवकर करावा. दार-एस-सलाममधील अभिलेखागाराचे दार त्याशिवाय उघडत नाही. लंडनजवळच्या क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात वसाहत खात्याची कागदपत्रे आहेत. केनियातील ब्रिटिशविरोधी माऊ माऊ उठावाशी संबंधित खटल्यामुळे ब्रिटिश सरकारला २०११ मध्ये अस्तित्व कबूल करावे लागलेली, वसाहतींतून गुपचूप हलवलेली दप्तरेही पुढे तिथेच खुली झाली. फाइल हाती आली की टंकलिखित अहवालावर थांबू नये. अधिकाऱ्यांनी एकमेकांसाठी लिहिलेले शेरे आधी वाचावेत. अहवालात 'समाधानकारक प्रगती' असते, तेव्हा शेऱ्यात कित्येकदा शंका असते.

मुलाखतींत भारतीय आडनाव सोबत येतेच. १९७१ मध्ये टांझानियाच्या सरकारने ताब्यात घेतलेल्या इमारतींपैकी बहुतेक आशियाई मालकांच्या होत्या, त्यामुळे कोणी जवळीक दाखवतो, तर कोणी हातचे राखून बोलतो. दोन्ही नोंदवून ठेवावे.

नोकरीचे मात्र स्पष्ट सांगतो. दिल्ली विद्यापीठात १९५५ पासून आफ्रिका अभ्यासाचा विभाग आहे, मुंबई विद्यापीठातही केंद्र आहे, तरीही जागा थोड्याच निघतात. म्हणून आधुनिक जगाचा इतिहास शिकवण्याची तयारी ठेवूनच अर्ज करावेत.